सर्वांगदुखीचा आजार : ओळख आणि सांभाळ



या पानावर मी नेहमी बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय शेतातला नाही, घरातला आहे. वालूर गटात ऊस नोंदीसाठी घरोघर जाणे होते. तेव्हा नोंदीबरोबर आणखी एक गोष्ट कानावर येते. "साहेब, घरच्या बाईचं सगळं अंग दुखतं. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं नॉर्मल आलं. पण दुखणं काही जात नाही." मग कुणीतरी हळूच म्हणतो, "रिपोर्टात काही नाही म्हणजे मनाचेच खेळ असणार."

हे शेवटचे वाक्य चुकीचे आहे आणि त्याने बाईचे फार नुकसान होते. रिपोर्टात न दिसणारे दुखणेही खरे असते. अशा एका दुखण्याला वैद्यकशास्त्रात फायब्रोमायल्जिया म्हणतात. मी डॉक्टर नाही, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. सांधेरोगाच्या तज्ज्ञांनी मान्य केलेल्या गोष्टी आपल्या भाषेत सांगतो. निदान आणि औषध मात्र डॉक्टरांचेच.

भिगवणची पाहणी

पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात भिगवण हे गाव आहे. उजनी धरणाच्या फुगवट्याजवळचा हा भाग, म्हणजे आपल्यासारखाच उसाचा. १९९६ साली पुण्याचे सांधेरोगतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे घरोघर पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने चालणाऱ्या 'कॉपकॉर्ड' नावाच्या कार्यक्रमाखाली हे काम झाले. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली. ४,०९२ प्रौढ माणसांची नोंद झाली. त्यांत शंभरी सुमारे अठरा जणांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे निघाले. बायकांचे प्रमाण जास्त होते.

आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट पाहा. ज्याची सगळ्यांना धास्ती असते तो सांधे वाकडे करणारा रुमॅटॉइड संधिवात हजारी पाचाच्या आसपासच होता. बाकीच्यांत सांध्यांची झीज होती, स्नायू-कंडरांसारख्या मऊ भागांचे दुखणे होते, आणि ज्याला नेमके नाव देता येत नाही असेही पुष्कळ होते. म्हणजे खेड्यात दुखणारी माणसे खूप, आणि त्यांतली बरीच अशी की एक्स-रे काढून फारसे हाती लागत नाही. फायब्रोमायल्जिया हा याच मऊ भागांच्या दुखण्यांपैकी एक. जगभरच्या पाहण्यांत तो शंभरी दोन ते चार माणसांना आढळतो. बायकांना जास्त होतो, पण पुरुषांनाही होतो. पुरुष सांगत नाहीत, म्हणून त्यांच्यात तो ओळखायचा राहून जातो.

हे होते तरी काय?

पूर्वी या आजाराला 'फायब्रोसायटिस' म्हणत. हे नाव १९०४ सालचे. त्याचा अर्थ तंतूंची सूज असा होतो. पुढे कळले की सूज कुठे सापडतच नाही. तेव्हा १९७६ मध्ये 'फायब्रोमायल्जिया' हे नाव पुढे आले. म्हणजे स्नायू आणि तंतूंचे दुखणे.

विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घ्या. मोटार चांगली, केबल चांगली, पाणीही भरपूर. पण स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेची सेटिंग फार खाली आली, तर थोडा लोड वाढला तरी मोटार ट्रिप होते. मोटार खोलून पाहिली तर दोष सापडत नाही. या आजारात शरीराचे तसेच होते. मेंदू आणि मज्जारज्जूमध्ये दुखण्याची खबर मोजणारी यंत्रणा फार नाजूक होऊन बसते. साधा दाब, थंडी, थोडी दगदग, एवढ्यानेही ती मोठ्या दुखण्याची खबर देते. स्नायू तपासला तर चांगला निघतो, पण माणसाला होणाऱ्या वेदना खऱ्याच असतात.

हे का होते याचे एकच कारण नाही. काही घराण्यांत तो जास्त दिसतो. कुणाला अपघातानंतर, मोठ्या तापानंतर, बरीच वर्षे झोप मोडल्यावर किंवा मनावर मोठा घाव बसल्यावर सुरू होतो. काहींना काहीच कारण सापडत नाही.

ओळखावा कसा?

१९९० च्या अमेरिकन निकषांत अंगावरचे १८ बिंदू दाबून पाहात आणि ११ ठिकाणी दुखले तर हा आजार धरत. २०१० नंतर बिंदू मोजण्याची सक्ती राहिली नाही. आता रुग्णाला नीट विचारून निदान करतात. २०१६ च्या सुधारित निकषांतल्या मुख्य गोष्टी अशा :

१. दुखणे सर्वांगाला असावे. शरीराचे पाच भाग धरतात : कमरेच्या वर उजवीकडे, वर डावीकडे, खाली उजवीकडे, खाली डावीकडे आणि मधला मान-पाठ-कमरेचा पट्टा. यांपैकी किमान चार भागांत दुखणे हवे. नुसता गुडघा किंवा नुसती कंबर दुखत असेल तर तो हा आजार नव्हे.

२. त्रास साधारण सारखाच, किमान तीन महिने चाललेला असावा.

३. सोबत थकवा असतो. रात्रभर पडून राहिले तरी सकाळी अंग मोडूनच येते, झोप लागल्यासारखी वाटत नाही. विसरायला होते, हिशेबात चित्त लागत नाही.

४. डोके दुखणे, पोटात कळा येणे, मन उदास राहणे यांचीही नोंद डॉक्टर घेतात.

दुसरा आजार असला म्हणजे हा नसतोच, असे मात्र नाही. गुडघ्याची झीज आणि फायब्रोमायल्जिया एकाच बाईला असू शकतात.

सारखे दिसणारे दुसरे आजार

ऊस पिवळा पडला की आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. लोह कमी पडले तरी पान पिवळे पडते, मुळाशी हुमणी लागली तरी पडते, पाणी साचले तरी पडते. आधी खोड उपटून मूळ बघावे लागते. अंगदुखीचेही तसेच आहे.

थायरॉइड कमी पडले तरी अंग दुखते आणि थकवा येतो. रक्त कमी असणे, 'ड' जीवनसत्त्व कमी असणे, संधिवाताची सुरुवात, यांतही असेच होते. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्या तापानंतर महिनोन् महिने सांधे धरून राहिलेली माणसे पुष्कळांनी पाहिली असतील. गोठ्यात जनावरे गाभडत असतील आणि घरात कुणाला वारंवार ताप, घाम व पाठदुखी असेल, तर ब्रुसेलोसिस असू शकतो. डॉक्टरांना जनावरांचे आवर्जून सांगावे.

म्हणून सुरुवातीला रक्ताच्या थोड्या तपासण्या करणे योग्य आहे. त्या दुसरा आजार वगळण्यासाठी असतात. फायब्रोमायल्जिया दाखवणारी रक्ताची सर्वमान्य तपासणी नाही, आणि एमआरआयमध्येही तो दिसत नाही. तेव्हा ऊसबिलाचे पैसे तीच तपासणी चार ठिकाणी करण्यात घालवू नयेत.

खालीलपैकी काही असेल तर मात्र हा आजार समजून घरी बसू नये, लवकर दाखवावे : सांध्यावर सूज, सकाळी तासाहून जास्त वेळ सांधे आखडणे, ताप, वजन उतरणे, हातापायातली ताकद जाणे, रात्री एकाच जागी वाढत जाणारे दुखणे. लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सुई आणि पुडीपासून सावध

आपल्याकडे दुखले की सुई, ही पद्धत पडली आहे. सुईने दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी पहिले पाढे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या आजारात फारसा उपयोग होत नाही, आणि रोज घेतल्या तर पोटात व्रण होतो, मूत्रपिंड बिघडते. स्टिरॉइडचा तर या आजारात उपयोगच नाही. उलट रक्तातली साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, तोंडावर सूज येते. नाव नसलेल्या पुडीत किंवा साध्या कागदात बांधून दिलेल्या गोळीत स्टिरॉइड असू शकते.

एक सूचना महत्त्वाची. कुणी बरेच महिने अशा गोळ्या घेत असेल, तर हे वाचून एकदम बंद करू नये. स्टिरॉइड अचानक सोडले तर जिवाला धोका होतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ते सांगतील तसे कमी करावे.

मग उपाय काय?

युरोपातल्या सांधेरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सगळे उपाय तपासले. त्यांत ठाम शिफारस एकाच उपायाची केली : व्यायाम. येथे भगिनी विचारतील, "दिवसभर खुरपते, वाढ्याचे भारे डोक्यावर आणते, आणखी व्यायाम कशाला?" रास्त प्रश्न आहे. पण खुरपण म्हणजे तासन्‌तास एकाच बैठकीत वाकणे, आणि भारा म्हणजे मानेवर ओझे. ते श्रम झाले. व्यायाम मोजून, एका लयीत आणि सगळ्या अंगाला मिळायचा असतो.

सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करावी. आठवड्या-पंधरवड्याला दोन-चार मिनिटे वाढवावी. हळूहळू अर्ध्या तासापर्यंत यावे. सुरुवातीला थोडे जास्त दुखेल, त्याने आत काही तुटत नाही. फार त्रास झाला तर मागच्या पायरीवर यावे, पण बंद करू नये.

दुसरे, कामाची वाटणी. बरे वाटले त्या दिवशी सगळे उरकायचे आणि पुढचे चार दिवस अंथरुणात, असे पुष्कळांचे होते. एकदा रान तुंबवायचे आणि मग महिनाभर कोरडे ठेवायचे, असे पाणी आपण उसाला देतो का? थोडे थोडे, नेमाने. कामही तसेच करावे. अर्धा तास खुरपले की उठून पाठ सरळ करावी. भारा लहान बांधावा, शक्य तेथे गाडीवरून आणावा.

तिसरे, झोप. झोपायची आणि उठायची वेळ ठरलेली असावी. सांजेनंतर चहा नको, झोपताना मिश्री नको. ज्यांना रात्रीच्या विजेवर पाणी द्यावे लागते त्यांच्या घरी सगळ्यांचीच झोप मोडते. तेथे निदान आजारी माणसाला उठवू नये.

चौथे, औषध. अमिट्रिप्टिलिन रात्री थोड्या मात्रेत, किंवा ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबालिन अशी औषधे डॉक्टर देतात. यांतली काही मनाच्या आजारावरही वापरतात, म्हणून "मला वेडी ठरवली" असे समजू नये. ती दुखण्याची खबर कमी करतात. सगळ्यांना लागू पडतातच असे नाही, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. गुंगी येते, तोंड कोरडे पडते. गुंगी असेतो कडबाकुट्टीवर हात घालू नये, गाडी चालवू नये. शेजारणीची गोळी आपण घेऊ नये.

मन खचले असेल तर तेही सांगावे. त्यासाठी बोलण्याचे उपचार आहेत, त्याने दुखणेही हलके होते. सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

डॉक्टरांकडे जाताना

प्लॉटची नोंद ठेवतो तसा एक कागद करावा. कुठे कुठे दुखते, केव्हापासून, झोप कशी, थकवा किती, कोणती कामे जमेनाशी झाली, आतापर्यंत कोणत्या सुया-गोळ्या झाल्या. रिकामी पाकिटे आणि जुने रिपोर्ट सोबत न्यावेत. गर्दीच्या वेळी डॉक्टरांना पाच मिनिटे मिळतात. कागद असला तर तेवढ्यातही काम होते. प्रथम वालूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तेथून गरजेप्रमाणे सेलूला किंवा परभणीच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतील.

घरच्यांना दोन शब्द

या आजाराने सांधे वाकडे होत नाहीत आणि जीव जात नाही. तो मुळापासून जाईलच असे सांगता येत नाही, पण नेमाने वागले तर पुष्कळांचा त्रास कमी होतो आणि हातून कामे होऊ लागतात. मात्र घरचे रोज "नाटकं करते" म्हणत असतील, तर कोणते औषध गुण देणार? शेअर बहुधा मालकाच्या नावावर असतो, पण सरी-वरंब्यात निम्म्याहून जास्त घाम बाईचा असतो, हे आपण सगळे जाणतो. तिच्याबरोबर एकदा दवाखान्यात जावे, डॉक्टरांचे स्वतः ऐकावे. संध्याकाळी तिच्याबरोबर वीस मिनिटे चालावे. याला खर्च काही नाही. आणि "तुझं दुखणं खरं आहे" हे घरातल्या कुणीतरी तिला स्पष्ट सांगावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी