आधी निकाल, मग पुरावा

इंदूरपासून वीसेक किलोमीटरवरच्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, तो वडिलांच्या नोकरीमुळे. सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पुढच्या दोन-तीन वर्षांतच महारांची लष्करभरती बंद झाली. महार शिपायांनी कुठल्या लढाईत पाठ दाखवली होती असे नाही. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत एका विचाराने जोर धरला होता, एवढेच: हिंदुस्थानातल्या काही जाती जन्मतः लढवय्या, बाकीच्या नाहीत.

पूर्वग्रह अज्ञानातून येतो आणि माहिती मिळाली की विरतो, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. इथे माहिती भरपूर होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ इंग्रजांनीच उभारला, महार शिपायांची नावेही त्यांनीच कोरली. पण १८५७ नंतर सैन्याचा भार पंजाबकडे आणि उत्तरेकडे सरकत गेला आणि त्या सोयीला शास्त्राचा आधार शोधला गेला. जातवार भरतीपुस्तिका निघाल्या. कोणाची अंगकाठी कशी, स्वभाव कसा, हे त्यांत छापून आले. एखाद्या अधिकाऱ्याचा आकस त्याच्याबरोबर निवृत्त होतो. पुस्तिकेतला शेरा मात्र नव्या अधिकाऱ्याला शिपाई पाहण्याआधीच हातात मिळतो. मग भरती नाही म्हणून पराक्रमाची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून लष्करी परंपरा नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्धानंतर काही वर्षांतच ती मोडली.

यावर कोणी म्हणेल, इंग्रजांनी स्पृश्य शिपायांच्या भावना सांभाळल्या, दुसरे काय? त्यात तथ्य आहे, आणि विटाळाची कल्पना आपलीच होती हेही विसरता येत नाही. पण मुंबई लष्करात कित्येक दशके निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच पलटणीत होते. भावना तेव्हाही होत्या. त्यांना नियमाचे बळ देण्याचा निर्णय नवा होता.

नुकसान पगारापुरते नव्हते. छावणीत शिपायांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते, आणि गावच्या शाळेत बाहेर बसवल्या जाणाऱ्या मुलांसाठी दुसरा दरवाजा जवळजवळ नव्हताच. पेन्शन आणि गावातली पतही त्याबरोबर गेली. बाबासाहेब तरीही घडलेच ना, हा युक्तिवाद फसवा आहे. दार बंद होण्याआधी आत आलेल्या घरात ते जन्मले. उशिरा आलेल्यांची नावे आपल्याला माहीत असण्याचे कारणच नाही. दापोलीचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरतीसाठी अर्ज तयार केला, त्यात महार मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा होता. मला हा सगळ्यात खोल परिणाम वाटतो: अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्यालाही अन्याय करणाऱ्याचीच मोजपट्टी उचलावी लागली.

१९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. तिचे केंद्र आज मध्य प्रदेशातच, सागरला आहे. स्वातंत्र्यानंतर लष्करभरती सर्वांना खुली करण्याचे धोरण जाहीर झाले, तरी जुन्या पलटणींची जातवार रचना बरीचशी तशीच राहिली. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलात जाट, राजपूत आणि जाट शीख एवढ्यांनाच घेतात, म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. तेव्हा लष्कराचे उत्तर होते की हा जातीचा प्रश्न नाही. समारंभात उंची आणि रूप एकसारखे दिसावे, ही कामाची गरज आहे.