घास उतरेना, डोळा ओला होईना : शोग्रेन समजून घेऊ

आज गोष्ट माझ्या केदारखेड्याच्या मावशीची. आमचा भोकरदन तालुका म्हणजे मिरचीचा पट्टा. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार तुम्ही ऐकला असेल. अशा मुलखातल्या बाईला तिखटाचा कण सोसेना. भाकरीच्या प्रत्येक घासाला पाण्याचा घोट. डोळ्यांत सारखी वाळू गेल्यासारखं. घरचे म्हणायचे, उष्णता झालीय, सब्जा पी. तीन वर्षं यातच गेली आणि तोवर चार दात किडून काढावे लागले.

आजार निघाला शोग्रेन सिंड्रोम. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे डोळ्यांचे डॉक्टर. 1933 साली त्यांनी अशा 19 बायकांचा अभ्यास मांडला. यात होतं काय, तर शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी घरच्याच माणसाला चोर समजतात. अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींत घुसून त्यांना निकामी करत जातात. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका. कारण एकच नाही: जनुकांमुळे कल असतो, एखाद्या विषाणूनं ठिणगी पडत असावी असं मानतात. पण हा आजार पसरत नाही. मावशीचं ताट वेगळं ठेवणाऱ्यांनी हे दोनदा ऐका!

तपासणी सोपीय. पापणीच्या आत कागदाची पट्टी 5 मिनिटं ठेवतात. 5 मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर अश्रू कमी. मग रक्तात ‘रो’ अँटीबॉडी बघतात. ती नसली तर ओठाच्या आतला बारीक तुकडा तपासतात. अर्थात डायबेटिस किंवा ॲलर्जीच्या गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं, म्हणून गुगलवर निदान करू नका. रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे डॉक्टर, यांना दाखवा.

मुळासकट बरं करणारं औषध अजून नाही. डोळ्यांना कृत्रिम अश्रू (वारंवार घालायचे तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले), लाळेसाठी पिलोकार्पिन, सांधे दुखत असतील तर बऱ्याचदा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. दातांना फ्लोराइडची पेस्ट. मावशीचे उरलेले दात त्यावरच टिकलेत. कानाखालची गाठ मात्र सुजलेलीच राहिली तर थांबायचं नाही; काही थोड्या रुग्णांत पुढे लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, होतो.

आणि गरोदर बाईच्या रक्तात ‘रो’ असेल तर क्वचित पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. मावशीच्या मुलीला पाचवा महिना लागलाय. तिचेही डोळे चुरचुरतात. गुरुवारी तिला संभाजीनगरला नेतोय.