पुराव्याचे मौन आणि सिद्धांत

अस्पृश्यतेचा इतिहास लिहायचा तर पुरावा कुणाचा? पोथ्या, ताम्रपट लिहिणाऱ्यांचे. गावकुसाबाहेरच्या माणसाचा शब्द त्यांत जवळजवळ नाहीच. बाबासाहेब या मौनापाशी थांबले नाहीत. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तुटलेल्या दुव्यांच्या जागी त्यांनी सिद्धांत मांडला : टोळीयुद्धांत वाताहत झालेले लोक राखणीसाठी वेशीबाहेर वसले; ते बौद्ध होते, गोमांस सुटले नाही म्हणून इ.स. ४०० च्या सुमारास अस्पृश्य ठरले. या मांडणीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. असोत. पण अस्पृश्यता सनातनच आहे असे गृहीत धरणाऱ्याला तिचा आरंभ कधी, कशामुळे, हा प्रश्न पडणार तरी कसा? अर्थात हा सिद्धांतही तपासणीबाहेर नाही. एखाद्या शिलालेखाने तो बदलावा लागला, तर आपल्याच विद्यार्थ्यांनी तो बदलावा.