उडत्या पक्ष्याचें छायाचित्र

उडत्या पक्ष्याचें छायाचित्र पुसट आलें कीं दोष कॅमेऱ्यास दिला जातो. हिशेब मात्र साधा आहे. सेकंदास १० मीटर वेगानें जाणारा पक्षी १/१०० सेकंदांत १० सेंटीमीटर सरकतो. १/२००० सेकंदांत अवघा अर्धा सेंटीमीटर. म्हणून शटर जलद ठेवावें, आणि नेमबाजाप्रमाणें कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवीत राहावें. फ्रेंच शास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनीं १८८२ सालीं केलेला, सेकंदास १२ चित्रें घेणारा कॅमेरा बंदुकीच्याच आकाराचा होता!

तथापि आमच्या मतें खरें मर्म उभें राहण्याच्या जागेंत आहे. पक्षी उतरतांना वाऱ्याकडे तोंड करितो व त्याची गति मंदावते. मुंबईस शिवडीचा चिखल काठाच्या पूर्वेस पसरलेला आहे. हिवाळ्यांत तेथें रोहित पक्षी येतात. दुपारनंतर सूर्य पश्चिमेस कलतो, समुद्रवाराही तिकडूनच येतो. दोन्ही आपल्या पाठीशीं असल्यानें उतरणारा रोहित आपणांकडेच तोंड करून, उजेडांत, संथपणें येतो. कांहीं जण खडे मारून थवा उडवितात. पाणी उथळ असेल तेवढाच वेळ त्या पक्ष्यांस चरतां येतें. त्यांच्या तोंडचा घास काढून मिळविलेलें चित्र आम्हांस नको. भरती चढूं लागली कीं रोहित काठाजवळ सरकतात, आणि पाणी फार वाढलें म्हणजे आपण होऊनच उडतात.