एका गोचिडाची तीन घरं

नाशिक जिल्ह्यातल्या गोठ्यांमध्ये गाईच्या कानामागे, कासेजवळ रक्त पिऊन टम्म फुगलेले गोचीड दिसतात. त्यातला नेहमीचा रिपिसेफॅलस मायक्रोप्लस पक्का घरकोंबडा. एकदा गाईवर चढला की तिथंच दोनदा कात टाकतो, तिथंच मोठा होतो. मादी खाली उतरते ती अंडी घालायला.

आता सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या जंगलातला त्याचा भाऊबंद पाहा: हीमाफायसालिस स्पायनिजेरा. हा एका आयुष्यात तीन घरं बदलतो!

अंड्यातून निघालेलं पिल्लू एक मिलिमीटरहूनही लहान असतं, आणि त्याला पाय फक्त सहा. गोचीड तर कोळ्या-विंचवांच्या गोतातला, मग उरलेले दोन पाय कुठं गेले? ते मिळवायला रक्त लागतं! पिल्लू एखाद्या रानउंदरावर किंवा चिचुंद्रीवर चढतं, पोटभर रक्त पितं, जमिनीवर गळून पडतं आणि कात टाकतं. आता पाय आठ. मग दुसरं घर: पुन्हा उंदीर, नाहीतर खार, पक्षी, माकड. पुन्हा रक्त, पुन्हा कात. तिसऱ्या खेपेला पूर्ण वाढलेला गोचीड गाई-म्हशींसारख्या मोठ्या जनावरावर चढतो. तिथं पोट भरलं की मादी खाली उतरते, हजारो अंडी घालते आणि मरते.

पण त्याला घर सापडतं कसं? हीमाफायसालिस घराण्यातल्या गोचिडांना डोळेच नसतात! त्यांचं नाक पुढच्या पायांत असतं. तिथल्या एका सूक्ष्म खळग्यात, ‘हॅलरच्या अवयवात’, जनावराचा वास, श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब टिपली जाते. गोचीड गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसतो. जनावर घासून गेलं की त्यानं ते पकडलंच! मग गळासारखे उलटे काटे असलेली सोंड कातडीत रुतते.

आता शास्त्रज्ञांची अडचण बघा. उंदरावरचं पिल्लू आणि गाईवरचा गोचीड एकाच जातीचे, हे ओळखायचं कसं? रूप वेगळं, घर वेगळं. खात्रीचा एक मार्ग असा: रक्त पिऊन गळलेलं पिल्लू नळीत जपायचं आणि कात टाकून कोण बाहेर येतं ते पाहायचं.

या खटाटोपाचं मोल १९५७ मध्ये कळलं. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली, माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या एनआयव्हीनं, त्यामागचा विषाणू शोधला. त्याला माणसापर्यंत आणणारा मुख्य गोचीड निघाला हाच स्पायनिजेरा. नॉयमान या फ्रेंच पशुवैद्यानं त्याला १८९७ मध्येच नाव दिलं होतं! या शोधमोहिमेत नव्या जाती-उपजातीही हाती लागल्या; १९६४ मध्ये त्यातल्या एकीला शिमोगाचं नाव मिळालं.

तीन घरांचं गुपित इथंच उलगडतं. उंदराच्या रक्तातून घेतलेला विषाणू कात टाकल्यावरही गोचिडाच्या अंगात टिकतो आणि पुढच्या घरी पोचतो. गुरं या तापानं आजारी पडत नाहीत, पण गोचिडांची संख्या त्यांच्याच रक्तावर वाढते.

२०१६ मध्ये हा ‘माकडताप’ सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात पोचला. तेव्हा त्या भागातल्या जंगलात जाताना अंगभर कपडे घाला, परतल्यावर अंग तपासा, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवा.