लेक होस्टेलला जाण्याआधीचे दिवस

बारावीनंतरचा जुलै आमच्या बार्शीत बऱ्याच घरांत सारखाच जातो. सीईटीचा निकाल हातात असतो आणि डोळे कॅप राउंडच्या यादीकडे. पुण्याचं कॉलेज लागलं की दोन-तीन आठवड्यांत मूल घराबाहेर. गेल्या वर्षी माझी लेक गेली. हे दिवस धावपळीत हरवू नयेत, म्हणून जे उपयोगी पडलं ते सांगते.

कागदपत्रं आधी उरका

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेयर, जात वैधता. ही कामं ऐनवेळी काढली की शेवटचे दिवस सेतू केंद्राच्या रांगेत जातात. नॉन क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते. मुदत प्रवेशाच्याच वर्षी संपत असेल, तर एप्रिलमध्येच नवीन काढायला टाका.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि महाडीबीटीवर अर्ज भरावा लागतो. होस्टेल आणि मेसचा खर्च त्यात येत नाही, तो वेगळा धरा. मुलीला १८ वर्षं पूर्ण झाली असतील तर बँकेतल्या तिच्या अज्ञान (मायनर) खात्याचं केवायसी तिच्या सहीने नव्याने करून घ्या. रॅगिंगविरोधी हमीपत्र मूल आणि पालक दोघांनाही भरायचं असतं. ते भरताना तिच्याशी या विषयावर मोकळेपणी बोलून घ्या.

सूचना कमी करा

जायची तारीख जवळ आली तशी लेक बारीकसारीक गोष्टींवरून चिडायला लागली. मी बॅग भरता भरता सांगत होते: ओले कपडे खोलीत वाळत घालू नकोस, रात्री उशिरा रिक्षा करू नकोस. "आई, किती वेळा सांगशील?" म्हणाली आणि दार लावून घेतलं. मला फार लागलं. पण तिच्याही पोटात गोळा होता आणि माझ्या प्रत्येक सूचनेने तो वाढत होता. मग सगळ्या सूचना एका वहीत लिहिल्या, वही बॅगेत टाकली आणि तोंडाने सांगणं बंद केलं. त्या दिवसापासून ती पुन्हा माझ्याजवळ येऊन बसायला लागली.

कापण्यांची दुपार

आषाढ होता. आमच्याकडे आखाड तळतात, तेव्हा कापण्या होतातच. गेल्या वर्षी लेकीलाच लाटायला बसवलं. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घेतला. त्यात कणीक, मूठभर बेसन आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून गोळा घट्ट भिजवला. जाडसर लाटून वरून खसखस पेरायची, लाटणं हलकं फिरवायचं आणि तिरक्या कापायच्या. आच मंद हवी; गुळामुळे बाहेरून पटकन काळ्या पडतात आणि आतून कच्च्या राहतात. पहिला घाणा तिचा करपलाच.

समोर बसवून "मनात काय आहे?" विचारलं की या वयाची मुलं "काही नाही" म्हणतात. हात कामात आणि नजर पोळपाटावर असली की बोलतात. दुसरा घाणा काढताना ती हळूच म्हणाली, "मला जमेल ना गं तिथं?" मी लगेच "जमेल" म्हटलं नाही. कशाची भीती वाटते ते विचारलं. मेस, इंग्रजीतून लेक्चर, अनोळखी रूम पार्टनर. तासभर बोललो. सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा तास. असे दोन-चार तास प्रत्येक आईबापाने राखून ठेवावेत. कापण्या नसतील तर भाजी निवडताना, गाडी पुसताना.

डब्यात काय द्यावं

शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, मेतकूट, बेसनाचे लाडू. दशम्या दुधात भिजवलेल्या द्या, दोन-तीन दिवस मऊ राहतात. ओल्या खोबऱ्याचं काही देऊ नका. खोलीत शेगडी चालत नसेल, तर पिठं देऊन उपयोग नाही.

परतीचं तिकीट

गौरी-गणपतीला एसटी भरून येतात. म्हणून तिचं पुणे-बार्शी तिकीट आम्ही ती जायच्या आधीच काढलं आणि फ्रिजवर लावलं. निघायच्या आदल्या रात्री पाणी प्यायला उठले, तर ती तिथं उभी होती. तिकिटावरच्या गाडीच्या वेळेभोवती लाल पेनाने गोल करत होती.