मुरुमांवर अँटिबायोटिकची ट्यूब? लावा, पण एकटी नको आणि कायमची नको!

मेडिकलमधून आणलेली छोटीशी ट्यूब पंधरा दिवसांत फरक दाखवते. मग काही महिन्यांनी तीच ट्यूब काम करेनाशी का होते? आणि एकाच्या चेहऱ्यावरच्या औषधाशी घरातल्या बाकीच्यांचा काय संबंध?

बंगळुरूच्या जयनगरात संध्याकाळी फोर्थ ब्लॉकच्या शॉपिंग कॉम्प्लेक्सभोवती एक फेरफटका मारा. फुलवाले, भाजीवाले, कपड्यांचे स्टॉल आणि त्यातून वाट काढत घोळक्याने फिरणारी कॉलेजची मुलं-मुली. 1948 साली पायाभरणी झालेल्या या आखीव वसाहतीत आणि तिच्या आसपास कॉलेजं बरीच. म्हणजे मुरुमांच्या वयाची मंडळीही भरपूर! कन्नड घरात मुरुमांना ‘मोडवे’ म्हणतात. पुण्या-कोल्हापूर-बेळगावहून येऊन इथे स्थिरावलेल्या मराठी घरात ‘मुरुमं’ किंवा ‘तारुण्यपिटिका’. नाव काहीही असो, पहिला उपाय बहुतेक घरांत एकच असतो. कुणीतरी मावशी फोनवर सांगते, ‘‘अगं, आमच्या पिंकीला एका ट्यूबने चांगला फरक पडला. रिकाम्या ट्यूबचा फोटो पाठवते, मेडिकलमध्ये दाखव.’’ फोटो दाखवला जातो आणि ट्यूब घरी येते. मुंबईत, नागपुरात, पणजीत काही वेगळं घडत नाही.

त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं मात्र फार थोडे लोक वाचतात. तिथे बहुधा क्लिंडामायसिन लिहिलेलं असतं. कधी नाडिफ्लॉक्सासिन असतं, तर कधी एरिथ्रोमायसिन. ही साधी सौंदर्यप्रसाधनं नव्हेत. ही अँटिबायोटिक्स, म्हणजे प्रतिजैविकं आहेत!

मुरूम येतं कसं?

सुश्रुतसंहितेत ‘मुखदूषिका’ या नावाने मुरुमांचं वर्णन आहे. तरुणांच्या चेहऱ्यावर काटेसावरीच्या काट्यांसारख्या येणाऱ्या पुटकुळ्या, असं ते वर्णन. काटेसावरीचं खोड ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही उपमा लगेच पटेल.

आजचं वैद्यकशास्त्र मुरुमांमागे चार गोष्टी सांगतं. वयात येताना शरीरात अँड्रोजेन हार्मोन्सचा जोर वाढतो आणि त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे केसाच्या मुळाशी मृत पेशी साचून छिद्राचं तोंड बंद होतं. या बुचालाच आपण ब्लॅकहेड किंवा व्हाइटहेड म्हणतो. तिसरी गोष्ट, बंद छिद्रातल्या तेलावर ‘क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस’ नावाचे जंतू वाढतात. 2016 पर्यंत त्यांना ‘प्रोपिओनिबॅक्टेरियम’ म्हणत. आणि चौथी गोष्ट म्हणजे दाह. त्यामुळेच मुरूम लाल होतं, ठणकतं, पिकतं.

हे जंतू बाहेरून येणारे शत्रू नव्हेत. स्वच्छ, नितळ चेहऱ्यावरही ते सुखाने नांदत असतात. त्यामुळे ‘तोंड नीट धूत नाहीस, म्हणून मुरुमं येतात’ हे मुलांना ऐकवायचं वाक्य आता बंद करायला हवं. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुणं पुरेसं आहे. पाच-सहा वेळा खसाखसा घासल्याने दाह उलट वाढतो.

ट्यूब काय करते?

अँटिबायोटिक जंतूंची संख्या कमी करतं आणि थोडाफार दाहही उतरवतं. म्हणून लाल, पिकलेल्या मुरुमांवर ते लागू पडतं. पण तेल कमी करणं त्याच्या हातात नाही आणि छिद्राचं बूच काढण्यातही त्याचा फारसा उपयोग नाही. ज्या चेहऱ्यावर नुसते ब्लॅकहेड्स-व्हाइटहेड्स आहेत, तिथे ही ट्यूब लावणं जवळपास व्यर्थच. घरातला नळ गळतोय आणि आपण फक्त फरशी पुसतोय, त्यातलाच प्रकार!

खरी अडचण त्यापुढे आहे. रोज एकाच अँटिबायोटिकचा मारा झाला, की त्याला दाद देणारे जंतू मरतात आणि दाद न देणारे तगतात. मोकळ्या झालेल्या जागेत मग त्यांचंच कुटुंब वाढतं. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच हा इशारा दिला होता. औषध अपुऱ्या प्रमाणात घेतलं तर जंतू मरणार नाहीत, उलट त्याला सरावतील, असं त्यांनी बजावलं होतं. मुरुमांच्या बाबतीत ते खरं ठरायला वेळ लागला नाही. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या लोशनला न जुमानणारे मुरुमांचे जंतू अमेरिकेत 1979 मध्येच नोंदले गेले.

संबंध घराचाही आहे

‘माझा चेहरा, माझी ट्यूब, इतरांना काय त्याचं?’ असं कुणी म्हणेल. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका पाहणीने याचं उत्तर दिलं आहे. ब्रिटन, स्पेन, इटली, ग्रीस, स्वीडन आणि हंगेरी या सहा देशांतल्या मुरुमांच्या रुग्णांची त्यात तपासणी झाली. निदान एका अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू बाळगणाऱ्या रुग्णांचं प्रमाण हंगेरीत सर्वांत कमी, म्हणजे 51 टक्के होतं. स्पेनमध्ये ते 94 टक्के निघालं! असे जंतू रुग्णांच्या निकटच्या माणसांकडे आणि मुरुमांवर उपचार करणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांच्या चेहऱ्यांवरही सापडले.

म्हणजे ताईच्या चेहऱ्यावर तयार झालेले हट्टी जंतू धाकट्या भावापर्यंत पोचू शकतात. उद्या त्याला मुरुमं आली, तर त्याने एकदाही न वापरलेलं औषध त्याच्या बाबतीत आधीच निकामी झालेलं असू शकतं.

शिवाय क्लिंडामायसिन हे केवळ मुरुमांचं औषध नाही. हाडांचा जंतुसंसर्ग, त्वचेवरची मोठी गळवं, पेनिसिलिन न सोसणाऱ्या रुग्णाचा संसर्ग अशा गंभीर प्रसंगी डॉक्टर तेच वापरतात. त्वचेवरच्या इतर जंतूंनाही चेहऱ्यावरच्या या औषधाची सवय लागू शकते. गालावरच्या चार पुटकुळ्यांसाठी हे अस्त्र बोथट करून ठेवणं परवडणारं नाही.

मग ट्यूब लावायचीच नाही?

लावायची, पण जोडीदारासह आणि ठरावीक मुदतीसाठी. सर्वांत भरवशाचा जोडीदार म्हणजे बेंझॉईल पेरॉक्साईड. ते जंतूंना ऑक्सिजनच्या माऱ्याने मारतं आणि जंतूंना अजून तरी त्याला चुकवण्याची युक्ती सापडलेली नाही. त्यामुळे सोबत दिलेल्या अँटिबायोटिकलाही संरक्षण मिळतं. दुसरा सोबती अ‍ॅडापलीनसारखं रेटिनॉईड. छिद्राचं बूच काढण्याचं मूळ काम ते करतं. अमेरिकेच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं आहे की, मुरुमांवर लावायचं अँटिबायोटिक एकटं वापरू नये.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे क्लिंडामायसिन आणि निकोटिनामाइड यांची एकत्र ट्यूब बरीच खपते. दोन नावं दिसली म्हणजे जोडीदार मिळाला, असं समजू नका. निकोटिनामाइड दाह कमी करायला मदत करतं, पण बेंझॉईल पेरॉक्साईडची जागा घेत नाही. सोबत आणखी काय लावायचं, हे डॉक्टरांना विचाराच.

लावण्याचीही एक रीत आहे. ट्यूब फक्त दिसणाऱ्या मुरुमावर टिकलीसारखी लावायची नसते, तर मुरुमं येतात त्या साऱ्या भागावर पातळ थर द्यायचा असतो. बेंझॉईल पेरॉक्साईड सुरुवातीला 2.5 टक्क्यांचं घ्यावं. त्याने उशीचे अभ्रे, टॉवेल, रंगीत कपडे यांचा रंग उडतो, म्हणून पांढरा टॉवेल वेगळा ठेवा. ही ट्यूब उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका. रेटिनॉईड रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढंच. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सालं निघतात. साधं मॉइश्चरायझर लावलं की हा त्रास आवाक्यात राहतो. दिवसा सनस्क्रीन हवंच. जयनगरची हवा थंड म्हणून ऊन सौम्य, असं नसतं. बंगळुरू समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच आहे, तिथे अतिनील किरण उलट थोडे अधिकच पोचतात.

फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पूर्ण अंदाज तीन महिन्यांनी येतो. त्या सुमारास अँटिबायोटिक थांबवून बाकीचे उपचार चालू ठेवायचे, ही आजची पद्धत. पण आपण काय करतो? दहा दिवसांत ट्यूब बदलतो, नाहीतर दोन वर्षं तीच लावत राहतो.

धोक्याची ट्यूब

अँटिबायोटिकच्या शेजारीच मेडिकलच्या कपाटात आणखी एक ट्यूब असते. तिच्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असतं. ही स्टेरॉईड्स. ती लावली की दोन दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस उगवतात आणि मुरुमं दुपटीने येतात. ट्यूब बंद केली की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो!

भारतातल्या 12 केंद्रांवर झालेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टेरॉईड लावत होते. कुणी गोरं होण्यासाठी, तर कुणी चक्क मुरुमांसाठी. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांनी दिलेलंच नव्हतं. त्वचारोगतज्ज्ञांनी लावून धरल्यावर 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना ‘शेड्यूल एच’मध्ये आणलं. म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. वेष्टणावरची लाल उभी रेघही तेच सांगते. ही रेघ अँटिबायोटिकच्या ट्यूबवर असली, तरी अर्थ तोच.

ध्यानात ठेवा

• एकाची ट्यूब दुसऱ्याने वापरू नये.

• मुरूम फोडू नये. डाग आणि खड्डे त्यातूनच मागे राहतात.

• हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासत असेल तर तो स्वच्छ ठेवा. केसांचं तेल कपाळावर उतरू देऊ नका.

• गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर रेटिनॉईड लावू नका. आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या तर गरोदरपणात बाळासाठी अत्यंत धोकादायक असतात.

• क्लिंडामायसिन लावत असताना जुलाब होऊन रक्त पडू लागलं, तर औषध बंद करून लगेच डॉक्टरांकडे जा. असं क्वचितच घडतं.

• मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर हार्मोन्सची तपासणी करून घ्या.

खोल, दुखरी गाठ असेल किंवा खड्डे पडू लागले असतील, तर ट्यूबच्या प्रयोगात दिवस घालवू नका. त्वचारोगतज्ज्ञ गाठा. खासगी फी परवडत नसेल तर व्हिक्टोरिया, बावरिंगसारख्या सरकारी रुग्णालयांत त्वचाविभाग आहेत. आपापल्या शहरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजातही ही सोय असते.

आणि आई-वडिलांसाठी एवढंच. सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला आरसा नकोसा होतो, तेव्हा ‘वयात आलं की येतातच, जातील आपोआप’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. मुरुमं जातात, पण खड्डे राहतात आणि त्या वयात बसलेली लाजही राहते. मावशीने पाठवलेला ट्यूबचा फोटो बाजूला ठेवा आणि लेकराला घेऊन एकदा डॉक्टरांकडे जा. ट्यूब हातात पडली की दोनच प्रश्न विचारा: ‘‘हिच्यासोबत काय लावायचं? आणि ही बंद कधी करायची?’’